बदलापूर लोकलमधला फणस

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय राहण्याबद्दल, म्हणजे शहरात राहावं, गावाला राहावं की आमच्यासारखं मधेच कुठंतरी, बदलापूर-टिटवाळ्याकडं. माझं लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं, गाव संगमेश्वर तालुक्यात आणि लग्न झाल्यापासून बदलापूर, त्यामुळे तिन्हीकडचं पाणी प्यायलेय.

चाळीत दारं दिवसभर उघडी, भाजीची वाटी गॅलरीतून फिरायची. गावाला तर कुणाच्या घरी पाहुणा आला ते चहा व्हायच्या आत अख्ख्या वाडीला कळतं. आणि बदलापूर? सीएसएमटीपासून जवळजवळ ६८ किलोमीटर, २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत वस्ती होती ती २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. माणूस सकाळी सहाला बाहेर पडतो तो रात्री आठला घरी, शेजारी ओळखणार कधी? म्हणून लोक म्हणतात, तिकडं नुसतं झोपायला जायचं, तिकडं शेजार नसतो. हे मला अजिबात पटत नाही. आमचा शेजार आहे, तो लोकलच्या डब्यात आहे. परत सांगते, आमचा शेजार आधी डब्यात, मग बिल्डिंगमध्ये.

त्यावरून फणसाचं सांगते. २००३चा मे महिना, भावानं गावाहून फणस पाठवला होता, बरका, चांगला पिकलेला, तो मी दादरला घेतला आणि गोणपाटात गुंडाळून संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये चढले. लेडीज डबा, पाय ठेवायला जागा नाही, पण बायकांनी हातोहात तो फणस आत घेतला आणि सीटखाली सरकवला. ठाणं गेलं, पारसिकचा बोगदा आला, आणि त्या बोगद्यात काय वास घुमला म्हणून सांगू, सगळा डबा एकदम गप्प झाला आणि मग कुणीतरी म्हणालं, "अगं कुणाचा गं फणस?"

बोगदा संपला आणि दिवा स्टेशनच्या अलीकडं गाडी थांबली. ओव्हरहेड वायर तुटली होती. अर्धा तास, एक तास, पंखे बंद, पोरं रडतायत, जेवणाचे डबे सकाळीच संपलेले. मी म्हटलं, काढा गं तो बाहेर. चौथ्या सीटवरच्या ताईंकडं भाजी निवडायची सुरी होती, एका मुलीच्या पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली निघाली, ते तेल हाताला आणि सुरीला फासलं, खाली पेपर अंथरला आणि फणस फोडला. गरे पार दारात उभ्या असलेल्या बायकांपर्यंत गेले. ज्या दोघींचं सकाळी जागेवरून कडाक्याचं भांडण झालं होतं त्या एकमेकींच्या हातावर गरे ठेवत होत्या. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येकीनं आठळी पुसून परत दिली, कुणालाही सांगावं लागलं नाही, आठळ्यांची भाजी होते हे घरोघरी माहीत, एक पिशवी भरली.

आता एक सांगतेच, ते पाकिटातले गरे मिळतात ना, ते घेऊ नका. चीक हाताला लागल्याशिवाय फणस खाल्ला असं होत नाही, आणि एकट्यानं खायचं फळच नाही ते, माझं स्पष्ट मत आहे.

तर शेजार. त्याच डब्यात आम्ही डोहाळजेवणं केलीत, दसऱ्याला तोरणं बांधलीत, माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा बिल्डिंगवाल्यांच्या आधी डब्यातल्या बायका दारात होत्या. गावासारखं कुणी घरात डोकावत नाही आणि चाळीसारखी भिंतीला भिंत नाही, पण रोजचे तीन तास मांडीला मांडी लावून बसतो आम्ही. शेजार दुसरा काय असतो हो?

त्या पिशवीतल्या दोन आठळ्या बदलापुरातल्याच कात्रपच्या एका मैत्रिणीनं मागून घेतल्या आणि बिल्डिंगच्या मागं कुंपणाशी लावल्या. एक जगली. कितीतरी वर्षांनी त्या झाडाला पहिला फणस धरला, तर मैत्रिणीनं तो घरी नाही फोडला, गोणपाटात गुंडाळून सकाळच्या गाडीला घेऊन आली, सुरी आणि तेलाची बाटली आठवणीनं बरोबर घेऊन.