वहीत न लिहिलेले तास

मंडळी, नमस्कार. कोकणातल्या छोट्या उद्योगांनी परदेशी बाजारात कसं जायचं, यावर मी बोलावं असं ठरलं आहे. मी मुंबईत एका निर्यात करणाऱ्या कंपनीत अठरा वर्षं मर्चंडायझर होते, म्हणजे परदेशी गिऱ्हाईक आणि माल बनवणारे यांच्यामधला दुवा. आता कुडाळात राहते आणि शिवणकाम, लाकूडकाम, दागिने करणाऱ्यांसोबत बसून त्यांचा माल बाहेर कसा जाईल ते बघते. सरळ एका पिशवीपासूनच सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यात माणगाव खोऱ्यातल्या एका बाईंकडे गेले होते. जुन्या सुती लुगड्यांचे थर घेऊन, त्यावर गोधडीचा टाका घालून त्या लहान पिशव्या शिवतात. गणपतीच्या बाजारात अडीचशे रुपयांना विकतात. पॅरिसमधल्या एका दुकानाने फोटो बघून दर विचारला होता. बाईंनी तीनशे कळवायचं ठरवलं होतं, आणि ते जास्त तर होत नाहीत ना, हे विचारायला मला बोलावलं होतं. मी म्हटलं, "एका पिशवीला वेळ किती लागतो?" त्या हसल्या. "मोजूक कोण बसता गे? जेवान झाला की बसतंय, गुरां घराक येयसर टाके घालतंय."

मग आम्ही मोजलं. घड्याळ समोर ठेवून त्यांनी एक पिशवी पुरी केली. कापणं, थर जुळवणं, कच्चा टाका, पक्का टाका, चेन, इस्त्री. साडेतीन तास. अस्तर, चेन, दोरा आणि लेबल मिळून १३० रुपये. वीज, येणंजाणं, बिघडलेले नग यांचे ४०. म्हणजे अडीचशेला विकल्यावर त्यांच्या हातात उरत होते ८० रुपये, साडेतीन तासांचे. तासाला किती पडतात याचा भागाकार त्यांच्या दहावीतल्या लेकीने केला आणि ती गप्प बसली. तेवीस रुपयेही नाहीत.

तासाला निदान ८० तरी धरा, असं मी म्हटलं. मजुरी २८० झाली, पिशवी घरातच ४५० ला पडली, आणि नफा धरून आम्ही ५८० कळवले. त्या दुकानदाराने घासाघीस केली नाही. वाहतूक आणि कर धरून, वर स्वतःचा दुप्पट-अडीचपट दर लावूनही त्याला ती पिशवी विकता येणार होती. त्याने विचारलं ते वेगळंच: अशा साठ मिळतील का, आणि सगळ्या एकाच मापाच्या असतील का?

माझ्या अनुभवात खरी अडचण इथे येते. आपल्याकडे नमुना उत्तम होतो, कारण तो जीव ओतून केलेला असतो. साठावा नग शेजारणीने केलेला असतो, तिच्या हाताची वीत वेगळी असते. हाताने केलेल्या वस्तूंमध्ये फरक असणारच, आणि परदेशी गिऱ्हाइकाला तो हवाही असतो. पण कुठला फरक चालेल हे आधी ठरवावं लागतं. लुगड्याचा रंग, काठाची नक्षी प्रत्येक पिशवीत वेगळी, हे चालेल, तीच तर मजा. लांबी-रुंदी, चेनचा दर्जा, टाक्यांतलं अंतर वेगळं, हे चालणार नाही. आम्ही पुठ्ठ्याचा साचा कापला. एका इंचात किती टाके, ते मोजून वहीत लिहिलं. मंजूर झालेले दोन नमुने एकसारखे सीलबंद केले, एक त्याच्याकडे, एक बाईंच्या कपाटात. पुढे भांडण झालंच तर कपाटातली पिशवी साक्षीला असते.

वही हा शब्द आज मी पुन्हा पुन्हा वापरणार आहे. आपल्या कारागिराला सगळं येतं, पण ते सगळं हातात असतं, लिहिलेलं कुठेच नसतं. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, आठवा. दशावतारी गंजिफ्याचा एक संच १२० पानांचा, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्यापासून दहापर्यंत. गोल पानावर हाताने रंगवलेलं हे काम एकेकाळी थोड्याच म्हाताऱ्या हातांत उरलं होतं. भोसले राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी सत्तरच्या दशकात ते शिकून घेतलं, इतरांना शिकवायची सोय केली, म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतो आहोत. आता त्याच गोल पानांवरून कुणी कानातली करतं, कुणी कोस्टर करतं. जरूर करा. पण त्या डबीत एक लहान कार्ड ठेवा: हे चित्र कुठल्या अवताराचं, पान कशाचं, रंगवायला किती दिवस लागतात. आणि अवतारांची चित्रं पायपुसण्यावर छापून द्या असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. ती ऑर्डर गेली तरी चालेल.

वहीत वस्तू नेमकी काय आहे, तेही लिहावं लागतं, आणि तिथे माझीच एक चूक सांगते. सावंतवाडीच्या लाखेच्या भोवऱ्यांची लहानशी खेप मी जर्मनीला पाठवली. बिलावर लिहिलं, "लाकडी खेळणी". खेळणं म्हटलं की युरोपात सीई खूण, म्हणजे वस्तू तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसते अशी खूण, लागते, रंगात काय आहे याच्या चाचणीचे कागद लागतात. ते माझ्याकडे नव्हते, माल परत आला. नंतर एकाने सल्ला दिला, "शोभेची वस्तू लिहा, सुटेल." तसं करू नका. भोवरा मुलाच्या हातात जाणार, आणि मूल तो तोंडात घालणार. आम्ही लाख आणि रंग बदलून चाचणी करून घेतली. खर्च झाला, पण तो एकदाच झाला, आणि आता ते प्रमाणपत्र प्रत्येक खेपेला जोडता येतं. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून ग्राहकांना विकायच्या बहुतेक वस्तूंसाठी तिथला एक जबाबदार माणूस किंवा संस्थाही नेमावी लागते, नाव-पत्त्यासह. दुकानदार स्वतः आयातदार असेल तर ते काम बहुधा त्याच्याकडे जातं, म्हणून सुरुवातीला सुटी विक्री करण्यापेक्षा दुकानाला माल देणं सोपं पडतं.

सरकारी कागदांची भीती मात्र सोडा. आयात-निर्यात कोड घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये, आणि नंबर तुमचा पॅनच असतो. जीएसटी असेल तर एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीच्या मालावर आधी कर भरून तो परत मागत बसावं लागत नाही. डाकघर निर्यात केंद्रातून लहान पार्सलंही रीतसर निर्यात म्हणून जातात. हे सगळं दोन दुपारींत होतं.

पॅकिंगकडे जास्त लक्ष द्या. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५००० ने भागतो, आणि ते उत्तर वजनापेक्षा मोठं आलं तर त्याचे पैसे घेतो. ४० बाय ३० बाय २० चं खोकं ४.८ किलोचं धरलं जातं, आत दीड किलोच्या पिशव्या असल्या तरी. त्यामुळे पिशवी घडी होऊन सपाट राहील अशी शिवणं, हा सुद्धा डिझाइनचाच भाग झाला. वेंगुर्ल्याच्या एका मुलाने दागिने हापूसच्या छोट्या लाकडी पेटीत घालून पाठवायचं ठरवलं होतं. दिसायला देखणी कल्पना. पण कच्च्या लाकडाचं पॅकिंग बहुतेक देशांत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवून, शिक्का मारूनच चालतं, लाकडातली कीड पसरू नये म्हणून. त्याने आता तीच पेटी पुठ्ठ्यावर छापून घेतली आहे. आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबरात बांधलेल्या कापडी मालावर समुद्रप्रवासात बुरशी धरते. माल उन्हात नाही, पंख्याखाली नीट वाळवा, खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका आणि जमेल तर मोठी खेप दिवाळीनंतर पाठवा. तारीख देतानाच पावसाळा वजा करून द्या.

अमेरिकेला सुटी पार्सलं पाठवणाऱ्यांनी हिशेब नव्याने करावा. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सूट सगळ्याच देशांच्या मालासाठी बंद झाली. दारात अचानक कर मागितला की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं. तेव्हा ड्युटी कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा. आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. मागायला लाजू नका, समोरच्याला ती पद्धत ठाऊक असते.

शेवटी कोल्हापुरीबद्दल. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, भारताचं नाव न घेता. आरडाओरडा झाला आणि कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे. त्या आवाजाला जोर होता, कारण २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचं. पण हे संरक्षण भारतापुरतं. बाहेर वेगळी नोंद करावी लागते, आणि मानांकन असलं तरी कारागिराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलं नसेल तर त्याच्या हाती फारसं काही येत नाही. आपल्याकडच्या किती जणांनी ते केलं आहे? आज हात वर करू नका, पण घरी जाऊन बघा.

उद्या सकाळी दहापासून मी याच सभागृहात बसणार आहे. प्रत्येकाने आपला एकच नग आणा. आज रात्री तो करायला बसाल तेव्हा घड्याळ समोर ठेवा आणि सुरू केल्याची, उठल्याची, पुन्हा बसल्याची वेळ लिहून आणा. माणगावच्या बाईही येणार आहेत. त्यांच्या साठ पिशव्या गेल्या महिन्यात पोचल्या, दुसरी ऑर्डर आली आहे, आणि त्यांना दोन शिवणाऱ्या हव्या आहेत, तासाच्या दराने.