पत्ता पाचगावचा, मत पेठेतलं

(दृश्य: सकाळचे सात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली एक शाळा. फाटकाबाहेर दुचाकी लागलेल्या.)

20 नोव्हेंबर 2024. विधानसभेचं मतदान. ही रांग जरा नीट बघा. यातली बरीच मंडळी आता पेठेत राहतच नाहीत. कुणी पाचगावहून आलंय, कुणी आर. के. नगरातून, कुणी फुलेवाडीहून. वाड्याच्या वाटण्या झाल्या, फ्लॅट घेतले, गॅस आणि आधार नव्या पत्त्यावर गेलं. मत तेवढं पेठेत राहिलं.

माझे बाबा त्यातलेच. पाचगाव इथून जेमतेम चार-पाच किलोमीटर, "एवढ्यासाठी कशाला नाव हलवायचं?" खरं कारण वेगळं. मतदानादिवशी तालमीतले जुने सोबती भेटतात, टेबलावरचं पोरगं नाव विचारायच्या आधीच चिठ्ठी काढून देतं, आणि नंतर मिसळ. कोल्हापूर मतदानात राज्यात पुढं असतं; त्यात मिसळीचा वाटा किती, हे कुणी मोजलेलं नाही.

त्या दिवशी मात्र आत गेल्यावर घोडं अडलं. केंद्रावर मतदार यादीसोबत आणखी एक यादी असते: गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. बाबा तिच्यात सापडले. बीएलओ, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासणाऱ्या बाई, जुन्या वाड्यावर येऊन गेल्या होत्या आणि शेजारणीनं जे खरं तेच सांगितलं होतं.

(दृश्य: टेबल, नोंदवही, शाईचा पॅड.)

या यादीत नाव आलं म्हणून मत जात नाही. केंद्राध्यक्षांनी स्वतः ओळखपत्र तपासलं, चेहरा फोटोशी ताडून पाहिला, घोषणापत्र भरून घेतलं. मग नोंदवहीत सही, आणि सहीसोबत अंगठाही. जन्मभर बँकेत लोकांच्या सह्या तपासलेला माणूस अंगठा उमटवून बाहेर आला. तर्जनीवर शाई, अंगठाही निळा. रुमालानं पुसत होते, निघत नव्हता.

त्यांच्या मागच्या बाईंचं नाव मूळ यादीतूनच गेलं होतं. त्या कार्ड पुढं करत राहिल्या, "हे काय, कार्ड आहे की!" पण कार्ड म्हणजे नुसती ओळख, मत द्यायचं तर त्या केंद्राच्या यादीत नाव लागतं. मतदानाच्या दिवशी ते घालताही येत नाही. त्या तशाच परतल्या.

(दृश्य: कळंबा रोडवरून पाचगावकडं.)

आता हे पाच किलोमीटर कागदावर बघा. पेठ कोल्हापूर उत्तरमध्ये. पाचगाव तालुक्यानं करवीर, पण विधानसभेला कोल्हापूर दक्षिण. खासदार दोन्हीकडं एकच, आमदार वेगळे. पेठेत महापालिका, इथं ग्रामपंचायत. स्थानिक निवडणुकांच्या याद्याही विधानसभेच्याच यादीवरून बनतात. म्हणजे दारातल्या गटारीवरून बाबा रोज ज्या सरपंचाच्या नावानं बोटं मोडतात, त्याला निवडायचा किंवा पाडायचा अधिकार त्यांना नाही. आणि जिथला नगरसेवक निवडायचा, तिथल्या नळाला येणारं पाणी ते पीत नाहीत. मला हे हास्यास्पद वाटतं. बाबांना अजूनही वाटत नाही.

1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सरळ आहे: माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं नाव, आणि तेही एकाच ठिकाणी. शिक्षणाला किंवा नोकरीला तात्पुरतं बाहेर गेलात तर गावचं नाव जात नाही, पण बिऱ्हाडच हललं की नावही हलवायचं. त्यासाठी फॉर्म 8. ऑनलाइन, मोबाइल अ‍ॅपवर, नाहीतर बीएलओकडं. इथं एक चूक सर्रास होते. लोक नव्या पत्त्यावर फॉर्म 6 भरतात. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. त्यात 'माझं नाव दुसरीकडं नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि हे खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेचा.

आणि निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात फारसा अर्थ नसतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते.

(दृश्य: पाचगावातलं घर, संध्याकाळ.)

निकालानंतर दोन महिन्यांनी फॉर्म भरला, मीच. बाबा शेजारी बसून "पेठेचं नाव लगेच उडतं का?" असं तीनदा विचारत होते. मग गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई तपासायला आल्या, त्याच इथल्या बीएलओ. चहा घेऊन गेल्या.

ही नवी यादी. कार्डाचा नंबर तोच, केंद्र नवीन. पेठेच्या यादीत बाबांच्या वर-खाली सगळी चुलत भावंडं होती. इथं वरचं नाव अनोळखी, खालचंही.

बाबांनी चष्मा लावला, खालच्या नावावर बोट ठेवलं आणि आईला हाक मारली, "अगं, हा आपल्याच गल्लीतला दिसतोय. कुठलं घर गं ह्याचं?"