खोडलेलं ऋण उत्तर

मंडळी, आज फळ्यावर एकच समीकरण मांडतो. १५ मीटर उंच गच्चीच्या कठड्याशी उभं राहून, हात थोडा बाहेर काढून, आपण चेंडू सरळ वर फेकला. सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मीटर. हातातून सुटल्यापासूनचे सेकंद म्हणजे क्ष. तर

जमिनीपासूनची उंची = १५ + १०क्ष − ५क्ष²

पहिली दोन पदं लगेच पटतात. गुरुत्वाकर्षण नसतं, तर चेंडू त्याच वेगानं वर जातच राहिला असता. पण हा वर्ग कुठून आला? हातातून नुसती सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात साधारण ५ मीटर पडते, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५. म्हणजे १, ३, ५ या प्रमाणात. आता बेरीज करत चला: १, ४, ९. विषम संख्या क्रमानं मिळवत गेलं की वर्ग तयार होतात! गॅलिलिओनं उतरत्या पन्हळीतून गोळे सोडून हे तपासलं. वेळ मोजायला त्यानं भांड्यातून बारीक धारेनं पाणी गळू दिलं आणि ते तोललं. १६३८ साली त्यानं हे सगळं छापलं.

(गुरुत्वत्वरण, म्हणजे पडताना वेग दर सेकंदाला सेकंदाला किती मीटरनं वाढतो ते, ९.८ आहे, मी सोयीसाठी १० धरलंय. हवेचा विरोधही सोडलाय. दगडाला हे चालतं, बॅडमिंटनच्या फुलाला मुळीच चालत नाही.)

चेंडू जमिनीवर कधी पडेल? उंची शून्य धरा, पाचानं भागा: क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव पाडले की क्ष = ३ किंवा क्ष = −१. इथं आपण सगळे −१ वर काट मारतो, ‘वेळ ऋण नसते’ म्हणून. मीही कित्येक वर्षं वर्गात तसंच शिकवलं, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. कारण त्या −१ ला नेमका अर्थ आहे. समजा, तुम्ही फेकण्याआधी बरोबर एक सेकंद कुणी खाली जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगानं चेंडू वर फेकला. एका सेकंदात तो १५ मीटर चढेल, वेग १० वर येईल, आणि तुमचा चेंडू सुटतो त्याच क्षणी तुमच्या हाताशेजारून जाईल. तिथून पुढं दोन्ही चेंडू बरोबरीनं जातील. समीकरणाला गच्ची ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे ती पूर्ण कमान, जमिनीपासून जमिनीपर्यंत.

कमान दोन्ही अंगांनी सारखी असते, म्हणून तिचा माथा समीकरणाच्या दोन मुळांच्या, म्हणजे उत्तरांच्या, बरोबर मध्ये: −१ आणि ३ यांच्या मध्ये १. एका सेकंदाला चेंडू सर्वांत वर, २० मीटरवर. −१ खोडलं असतं तर हा माथा असा एका नजरेत सापडला नसता. चेंडू तिरका फेकला तरी, वर जाण्याचा वेग तेवढाच असेल तर, उंचीचा हिशोब हाच. आडवा वेग बदलत नाही, एवढ्यानंच वाट अन्वस्ताची (पॅराबोलाची) होते.

आता २५ मीटर उंची विचारून बघा. क्ष² − २क्ष + २ = ०, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) −४. वास्तव मूळच नाही, चेंडू तिथवर जातच नाही. २० विचारा: विवेचक शून्य, आणि क्षण एकच, क्ष = १.