गौरीच्या हातातलं औषध

श्रोतेहो, नमस्कार.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात घरोघरी गौरी येतील. तेरड्याच्या डहाळ्यांबरोबर मंडईत एक फूल येतं. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. त्याला आपण गौरीचे हात म्हणतो. ही कळलावी. पन्हाळा, राधानगरीकडं पावसाळ्यात ती कुंपणातनं डोकावताना दिसते. तिच्याच शेजारी पूजेच्या ताटात हळद असते. दोन्ही वनस्पतींत सुजेवरचं औषध आहे आणि दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा आहे. वनस्पतिशास्त्र शिकवताना ही जोडी मी दर वर्षी वर्गात न्यायचो.

काटा रुतला की बोट लाल होतं, तापतं, ठणकतं, फुगतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून येतात, काम उरकलं की सूज ओसरते. आमवातात ती ओसरतच नाही, सांधा आतून कुरतडत राहते. गाऊटमध्ये यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. मध्यरात्री अंगठा असा पेटतो की पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही.

त्या ठणक्यावर डॉक्टर कोल्चिसिन देतात. पेशींना सरकायला आतले बारीक तंतू लागतात. कोल्चिसिन ते जुळू देत नाही, म्हणून पांढऱ्या पेशींची धाव थंडावते. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या कंदातनं काढलं गेलं. आपल्या कळलावीतही तेच आहे. तमिळनाडूत तिची शेती होते, बिया कोल्चिसिनसाठी परदेशी जातात. गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची. मात्रा थोडी चुकली तरी तेच विष. उलट्या, जुलाब, मग मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेवर घाला. झाडाच्या पाल्यात, कंदात ते किती असेल हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून कळलावीचा घरगुती काढा कुणीही, कधीही करू नये.

आता हळद. सांगलीची हळद आपल्या शेजारचीच. तिच्यातलं कुर्कुमिन सूज वाढवणाऱ्या रसायनांना आवर घालतं, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. पण हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास. एका चमच्यात साधारण ९० मिलिग्रॅम. गुडघ्याच्या झिजेवर ज्या चाचण्यांत आराम दिसला, त्यांत रोज १००० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. म्हणजे अकरा ते सतरा चमचे हळद! शिवाय कुर्कुमिन आतड्यातनं रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ साली एका प्रयोगात मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिल्यावर ते माणसाच्या रक्तात वीसपट वाढलेलं दिसलं. हळदीचं दूध जरूर प्या, मीही पितो. गुडघा बरा करायची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नका. आणि हळदीच्या अर्काच्या जोरकस गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नका.

सालईच्या डिंकातली बॉस्वेलिक आम्लं आणखी वेगळ्या वाटेनं सूज रोखतात, त्यांच्याकडनंही आशा आहे. माझी आई गुडघ्यांवर निर्गुडीचा पाला तापवून बांधायची. तिला झोप लागायची. त्यात शेकाचा वाटा किती आणि पाल्याचा किती, हे मला आजही वेगळं करता आलेलं नाही.

ओळखीतल्या एका मावशींनी आमवाताच्या गोळ्या बंद करून 'झाडपाल्याची' पुडी सुरू केली. आठवड्यात सांधे मोकळे झाले. सगळ्यांना आनंद. दोन महिन्यांनी चेहरा गोल फुगला, साखर चढली. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. तोवर बोटं वाकडी झाली होती, ती सरळ झाली नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटतं. अर्काच्या बाटलीवर कोणतं द्रव्य, किती मिलिग्रॅम, हे लिहिलेलं नसेल तर ती परत ठेवा. चालू औषध आपल्या मनानं थांबवू नका.

गौरी सजवताना कळलावी हाताळली की हात धुवा. विसर्जनानंतर फुलं लहान मुलांच्या, गुरांच्या तोंडाशी येतील अशी टाकू नका. आणि परसात वेल असेल तर कंदाकडं लक्ष ठेवा, तो रताळ्यासारखा दिसतो.

नमस्कार.