सागवान, शिसवी आणि चौसष्ट घरं

हे फिक्कट लाकूड सागाचं, आणि हे काळपट, ते शिसवी. बडोद्याच्या दांडिया बाजाराजवळची ही गल्ली, आणि इथे बुद्धिबळाचा पट बनतोय. तुम्हाला वाटेल चौसष्ट तुकडे कापून एकेक चिकटवत असतील, तर तसं नाहीये. चार फिक्कट, चार गडद अशा लांब पट्ट्या घेतल्या, पाच-पाच सेंटीमीटर रुंद, एकाआड एक चिकटवल्या आणि क्लॅम्पमध्ये कचकचून आवळून ठेवल्या. वाळल्यावर रंधा. आता करवत बघा, आडवी चाललीये, म्हणजे परत आठ पट्ट्या, पण प्रत्येकीत आता आठ-आठ घरं आहेत... आणि आता मिस्त्रीकाकांचे हात बघा, एक सोडून एक पट्टी नुसती उलटी फिरवली. झाला पट!

कडेच्या फ्रेमवर ब्रशने अक्षरं चाललीयेत. पांढऱ्याकडून बसलं की उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या 1 ते 8, त्याही पांढऱ्याकडूनच मोजायच्या. म्हणजे बी विंग, तिसरा मजला म्हटल्यावर कसं घर सापडतं, तसंच बी3. मधली चार घरं, डी4, ई4, डी5, ई5, हे सेंटर, अर्धी मारामारी याच्यासाठीच. तिरप्या रांगांत सगळ्यात लांब दोनच, एक ए1 ते एच8, पूर्ण काळी, दुसरी एच1 ते ए8, पूर्ण पांढरी. उंट तिरपाच चालतो, त्यामुळे ज्या रंगावर सुरू झाला तो रंग त्याला शेवटपर्यंत सुटत नाही.

आता ओट्यावरची ही गँग. मोबाइलवर सगळं मांडूनच येतं ना, त्यामुळे रेटिंगच्या गप्पा मारणारी पोरंसुद्धा लाकडी पट समोर आला की तो कसा ठेवायचा इथेच अडतात. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, दोघांच्याही. मग कोपऱ्यांत हत्ती, त्याच्या आत घोडा, मग उंट, आणि वजीर स्वतःच्या रंगावर, पांढरा डी1 वर, काळा डी8 वर, उरलं ते राजाचं, आणि पुढे प्याद्यांची रांग. ही ताई हात लावू देत नाहीये कोणाला, स्वतःच मांडणार म्हणते, मांडू दे की!

क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळ देऊन खेळायच्या टूर्नामेंटमध्ये नुसता पट फिरलेला निघाला तर आहे ती पोझिशन सरळ पटावर उचलून डाव पुढे चालू, पण सुरुवातीची मांडणीच चुकलेली निघाली तर तो डाव रद्द, नवा खेळायचा.