उंदराच्या मेंदूतला पांढरा डाग

श्रोतेहो, नमस्कार.

प्रयोगशाळेत मुद्दाम पक्षाघात घडवलेल्या उंदराच्या मेंदूचे पातळ काप करतात आणि एका रसायनात बुडवतात. थोड्या वेळाने जिवंत भाग लाल होतो. मेलेला पांढराच राहतो. 'अमुक वनस्पतीचा अर्क पक्षाघातात मेंदूला वाचवतो' ही बातमी आपण वाचतो ना, ती बहुतेक वेळा या पांढऱ्या डागाची असते. अर्क दिलेल्या उंदरांत डाग लहान निघाला, एवढंच.

थोतांड नाही हं ते. रक्ताची गुठळी अडकली की मधल्या पेशी काही मिनिटांत मरतात, पण भोवतीचा भाग काही तास तग धरून असतो. तिथे ग्लुटामेट हे पेशींमधले निरोप वाहणारं रसायन साचतं, पेशींत कॅल्शियम घुसतं, आणि रक्त परत सुरू झालं तरी त्याबरोबर मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होऊन वेगळीच नासधूस करतात. हळदीतलं कर्क्युमिन, गिंकोच्या पानांचा अर्क, ब्राह्मी यांनी ही नासधूस कमी होते, असं प्राण्यांत दिसलंय.

मेख वेगळीच आहे. कितीतरी प्रयोगांत अर्क आधीपासून, काही दिवस, देतात आणि मग उंदराची रक्तवाहिनी बंद करतात. माणसाला पक्षाघात तारीख सांगून येतो का? शिवाय उंदीर तरुण, धडधाकट. रुग्ण बहुधा वयस्क, रक्तदाब-मधुमेह असलेला. त्यात कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेमच उतरतं.

माणसांवरही चाचण्या झाल्या. वनस्पतिज आणि प्राणिज घटकांच्या एका मिश्रणाची 'चाइम्स' चाचणी 1,100 रुग्णांवर झाली. निकाल 2013मध्ये आला. मिश्रण घेतलेला गट आणि न घेतलेला गट, यांत तीन महिन्यांनी ठळक फरक नव्हता. उलट सेलरीच्या बियांत सापडलेल्या ब्यूटिलफ्थॅलाइडला चीनने 2002 साली पक्षाघातावरचं औषध म्हणून मान्यता दिली. पण ते एकच शुद्ध रसायन, मोजून दिलेलं. बिया उकळून केलेला काढा नव्हे.

काढ्यावरून आठवलं. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, अशा माणसाला काहीही पाजू नका, पाणीसुद्धा नाही. गिळता न आल्याने ते फुफ्फुसात जातं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. रुग्ण रोज कुठला अर्क किंवा गोळी घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गिंकोसारख्या काहींनी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल: 'रुग्णाला शेवटचं ठीकठाक किती वाजता पाहिलंत?' ती वेळ लिहूनच निघा.