दहा पिलांतली तलंगा किती झाल्या?

श्रोते बंधू-भगिनींनो, नमस्कार.

तुमच्या दारात म्हशी किती, असे कोणी विचारले तर तुम्ही नेमका आकडा सांगता. कोणती गाभण आहे, कोणती आटली आहे आणि कोणती सकाळी किती लिटर देते, हेही न विचारता सांगता. पण कोंबड्या किती, असे विचारले की आपल्या सातारा जिल्ह्यात माण-खटावपासून पाटण-जावळीपर्यंत बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘असतील की पंधरा-वीस.’ हे ‘असतील की’ माझ्या मनाला फार वर्षे लागून राहिले आहे. कोंबडी परड्यात उकरून खाते, तिच्यासाठी वैरण विकत आणावी लागत नाही, म्हणून ती फुकटची. आणि जी फुकटची आहे ती मेली तरी कोणी हिशेब मांडत नाही. आमच्या खटाव तालुक्यातल्या वाडीत मी परसात कोंबड्या पाळते, अंडी विकते, नर विकते, आणि बचत गटातल्या बायकांबरोबर या विषयावर नेहमी बोलते. तेच बोलणे आज आपल्यापुढे मांडते आहे.

गावठी कोंबडी एका वेळेला १२ ते १५ अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसू पाहते. वर्षातून अशा तीन-चार वेळा धरल्या तर साधारण ४० ते ६० अंडी मिळतात. ‘गावठी कोंबडी अंडी कमी देते’ ही तक्रार म्हणूनच सगळीकडे ऐकू येते आणि तक्रार खरीही आहे. पण आपले खरे नुकसान तिथे होत नाही. मी पहिल्यांदा वही घातली त्या वर्षी आमच्याकडे ३१ पिले निघाली आणि त्यांतली ९ मोठी झाली. काही घारीने नेली, काही अवकाळी पावसात भिजून मेली, काहींना मुंगसाने खुराड्याच्या फटीतून ओढले, आणि उरलेली का मेली हे मला त्या वेळी कळलेही नाही. वही घालण्याआधीही हेच होत असणार, फक्त ते दिसत नव्हते. तेव्हापासून मी कोंबडीने किती अंडी घातली यापेक्षा दहा पिलांतली तलंगा, म्हणजे अंड्यावर येण्याजोग्या तरण्या कोंबड्या, किती झाल्या हे आधी विचारते.

सुरुवात अंड्यांपासूनच करावी लागते. रवणाला, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, ठेवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, आणि उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांच्या वरची घेऊच नयेत, कारण उकाड्यात कोंबडी बसण्याआधीच अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मग मरतो. माझ्या सासूबाई पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूशेजारी, गारव्याच्या कोपऱ्यात पाटी ठेवून तीत अंडी साठवत. त्यामागचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते, पण त्यांची पद्धत बरोबर होती. अंडी धुऊ नयेत, फार मोठी किंवा फार लहान घेऊ नयेत, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने त्याच पाटीत येऊन नवे अंडे घातले तर ते लगेच ओळखू येते. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. तिला रात्रीच्या अंधारात, शांत जागी, गव्हाच्या काडावर बसवावे आणि दाणा-पाणी हाताच्या अंतरावर ठेवावे, म्हणजे ती दिवसातून एकदा उठून लगेच परत बसते.

सातव्या-आठव्या रात्री अंडी उजेडात पाहायची. एका पुठ्ठ्याला अंड्याहून थोडे लहान भोक पाडा, मागे बॅटरी धरा, आणि अंड्याचा जाडा भाग त्या भोकावर टेकवा. जीव धरलेल्या अंड्यात एक काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. वांझोटे अंडे मात्र आरपार स्वच्छ दिसते. पहिल्यांदा ह्या शिरा पाहताना माझा हात थरथरला होता, आणि आजही गटातली एखादी मुलगी ते पहिल्यांदा पाहते तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. वांझोटी अंडी काढून टाकली की कोंबडीची ऊब उरलेल्या अंड्यांना नीट मिळते. २१ व्या दिवशी पिले निघतात. ज्यांच्याकडे दोन-तीन खुडूक कोंबड्या आहेत त्यांनी त्या एकाच रात्री बसवाव्यात, आणि पिले निघाल्यावर रात्रीच्या वेळी सगळी एकीच्याच पंखाखाली सरकवावीत. १५ पिले एक कोंबडी सहज सांभाळते, आणि मोकळ्या झालेल्या बाकीच्या कोंबड्या लवकर अंड्यावर येतात. ह्या एका युक्तीने वर्षाची अंडी वाढतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

पिलांचे पहिले चार आठवडे सर्वांत नाजूक असतात. आईबरोबर असलेली पिलेसुद्धा पहिले पंधरा-वीस दिवस मोकळी सोडू नयेत. डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला ठेवावीत. विकत आणलेल्या पिलांना आई नसते, तेव्हा ऊब आपण द्यायची. पहिल्या आठवड्यात ती साधारण ३५ अंश सेल्सिअस असावी आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जावी. थर्मामीटर नसला तरी पिलेच सगळे सांगतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर आपण निर्धास्त झोपावे. खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर असावा आणि तो रोज खालीवर करावा. पाटणकडच्या पावसाळ्यात हे तूस ओले राहते, आणि ओल्या तुसातून रक्ती हगवणीचा रोग पिलांना धरतो, म्हणून तिकडच्या भगिनींना माझे सांगणे आहे की पाण्याच्या भांड्याभोवतालचे ओले तूस रोज उचलून कोरडे घालावे.

सुधारित जातींविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल आशा फार आणि माहिती कमी असते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसासाठीच तयार केलेल्या आहेत. वनराज परसात वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते आणि तिच्या नराला मांस चांगले येते. अंडी हा मुख्य हेतू असेल तर ग्रामप्रिया अधिक बरी. पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्याच अंड्यांची पुढची पिढी काढली तर मूळचे गुण टिकत नाहीत, त्यामुळे दर वेळेला पिले नव्याने आणावी लागतात. घरातल्या दोन-चार गावठी कोंबड्या मोडून सगळ्या सुधारित आणाव्यात, हे मला पटत नाही. नवशिक्यांनी एक दिवसाची स्वस्त पिले घेण्यापेक्षा लसी झालेली महिन्याभराची पिले थोडे जास्त पैसे देऊन घ्यावीत.

आता रोगाविषयी सविस्तर बोलते, आणि आधी माझीच चूक सांगते. एका उन्हाळ्याच्या तोंडाशी मी आठवडी बाजारातून तुऱ्याचा एक देखणा कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी आमच्या कोंबड्यांत सोडला. पाचव्या दिवशी तो पंख सोडून कोपऱ्यात बसला. आठवड्याच्या आत आमच्या कोंबड्या हिरवट-पांढरे हगू लागल्या, घशातून घरघर येऊ लागली, दोघींच्या माना वाकड्या होऊन त्या गोल गोल फिरू लागल्या. मानमोडी आली होती. तेवीस कोंबड्यांतल्या चार उरल्या. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात, आणि एकदा तो शिरला की त्यावर औषध नाही; लसूण, हळद, ताक, दारू यांपैकी काहीही दिले तरी उपयोग होत नाही. बाजारातून आणलेला पक्षी किमान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो, एवढे मला माहीत असते तर तो उन्हाळा तसा गेला नसता.

याहून जड अंतःकरणाने सांगण्यासारखी दुसरी गोष्ट आहे. साथ आली की मरण्याआधी कोंबड्या विकून मोकळे व्हावे, असे पुष्कळांना वाटते. मलूल कोंबड्या बाजारात जातात, पाहुण्यांकडे जातात, मेलेल्या ओढ्यात टाकल्या जातात, आणि एका वाडीची मानमोडी चार गावांना पोहोचते. माझा तो कोंबडा असाच कोणाच्या तरी घाईने बाजारात आला असणार. आजारी पक्षी दारातून बाहेर जाऊ देऊ नये, मेलेला खोल पुरून वर चुना टाकावा, आणि एकाएकी बरेच पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

मानमोडीची लस मात्र स्वस्त आहे आणि खात्रीची आहे. पिलू सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा सर्वसाधारण क्रम आहे. देवी आणि गंबोरो या दुसऱ्या दोन रोगांच्या लसींसाठी आपल्या पशुवैद्यकांना विचारावे. मग घरोघरी लस का होत नाही? कारण कुपी १०० किंवा २०० मात्रांची येते, एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि दारात पक्षी असतात वीस. एकटीने ती आणणे परवडत नाही आणि उरलेली ठेवता येत नाही. आमच्या वाडीत आम्ही यावर एकच उपाय केला. आठ घरांनी मिळून एक दिवस ठरवला. एकीने थर्मासात बर्फ घालून कुपी आणली, पहाटे खुराडी उघडण्याआधीच आम्ही घरोघर फिरलो, आणि उजाडून तासभर होण्याच्या आत दीडशेच्या वर पक्ष्यांना लस झाली. पुढे पाण्यातून लस द्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर असते आणि ती लस मारून टाकते, म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे आणि त्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी.

खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच आणि जाळी अर्ध्या इंचाची असावी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आत शिरते. संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाकावा, म्हणजे कोंबड्या आपणहून आत येतात आणि दार लावताना मोजणी होते. पक्ष्याला साधारण ३० ते ४० ग्रॅम दाणा पुरतो, कारण बाकीचे ती परड्यात मिळवते. मक्याचा भरडा, ज्वारी-बाजरीची कणी, थोडी भुईमुगाची पेंड चालते. मात्र पावसात भिजून बुरशी आलेला मका किंवा जुनी पेंड ‘गुरे खात नाहीत, कोंबड्यांना टाका’ म्हणून कधीही टाकू नका. त्या बुरशीच्या विषाने यकृत खराब होते आणि पक्षी हळूहळू खंगतात. पिलांना वाळवीसारखे दुसरे खाद्य नाही. मडक्यात ओले शेण, गोणपाटाचा तुकडा आणि वाळलेले गवत भरून ते संध्याकाळी बांधावर वाळवीच्या जागी पालथे घालावे, सकाळी पिलांपुढे झटकावे, आणि मग त्यांची धांदल पाहावी.

कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती विकायची, हेही डोळे झाकून ठरवू नये. रात्री खुराड्यात कोंबडी हातात घेऊन तिच्या शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपा. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसत असतील तर ती अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम बसत असेल आणि तुराही फिका, आक्रसलेला असेल, तर ती सध्या अंडी देत नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर ठेवावा आणि बाकीचे विकावेत. व्यापारी दारात येऊन हातावर तोलून किंमत करतो. घरात एक ताणकाटा असला की ते बोलणे वेगळ्याच आकड्यावर संपते. एवढे मात्र करा की सगळीच अंडी विकू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंड्यांची शिफारस केलेली आहे, आणि ज्या घरात कोंबड्या आहेत त्या घरातल्या पोरांच्या ताटात अंडे नसावे, हे मला बघवत नाही.

सध्या कार्तिक चालू आहे, हवेत गारवा आहे आणि कोंबड्या खुडूक होऊ लागल्या आहेत. या आठवड्यात अंडी बसवली तर मार्गशीर्षात पिले निघतील, चैत्रातल्या गावोगावच्या यात्रांना नर विक्रीला येतील आणि पावसाच्या सुरुवातीला तलंगा अंड्यावर येतील. पिले सात दिवसांची होतील त्या दिवशी लसीची कुपी कोणी आणायची आणि थर्मास कोणाच्या घरचा घ्यायचा, हे आपल्या गल्लीतल्या चार घरांनी आजच्या आज बोलून ठेवावे. नमस्कार.